एवेनोरची नजर

जवळ या. तिथे दाराशी नको, इथे, पंख्याच्या घरघरीतून माझा आवाज पोचेल इतकं जवळ. एका तासाच्या प्रवासाची गोष्ट सांगते. विमान लहान होतं, माणसं मोजून बारा होती, आणि त्यातल्या एका माणसाचं मी काय केलं ते ऐकल्याशिवाय उठू नका. आमच्या चर्चचे उपदेशक, बंधू अबिसाय, अशीच सुरुवात करतात. आधी नुसतं बोलतात, बाजारातल्या ओट्यावर बोलावं तसं. मग एखादा शब्द लांबतो, त्याला सूर फुटतो, आणि बघता बघता सगळा उपदेश गाण्यावर चढतो, अन् बाकांवर बसलेली आम्ही माणसं हुंकार भरत त्याच्यामागे निघतो. त्या गाण्यात बसलं की वाटतं, आपल्यातलं सगळं पाणी निवळलं, तळ दिसू लागला. मला तसं गाता येत नाही. माझ्याकडे नुसती गोष्ट आहे, आणि ती फारशी स्वच्छ नाही.

मानाग्वाहून, म्हणजे निकाराग्वाच्या राजधानीहून, किनाऱ्याकडे जाणाऱ्या विमानांत सामानासारखी माणसंही तोलतात. सामानाच्याच काट्यावर. मिल्काला कडेवर घेऊन मी त्यावर चढले आणि काट्यावरचा पोरगेला माणूस सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं ओरडला, "एकशे एक्कावन्न पौंड, आई आणि पोर मिळून!" बस, एवढंच झालं. दुसऱ्या कुणाला त्यात काही वाटलं नसतं. मी मात्र त्या शब्दांपाशी अडकले. आई आणि पोर मिळून. एकच आकडा, एकच गोळा; त्यातलं माझं किती आणि तिचं किती हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. माझ्या खांद्यावर तिची लाळ, तिच्या गालाला माझा घाम, माझ्या छातीतून पाझरलेल्या दुधाचा ब्लाउजवर पसरत चाललेला गोल डाग. काट्यावरून उतरताना त्याने विमानात चढायचा पास हातात दिला. तो पुन्हा पुन्हा वापरायचा, प्लास्टिकचा, हजार हातांचा मेणचटपणा चढलेला. तो दोन बोटांत धरून मी उभी राहिले आणि वाटलं, तो पास, ते दूध, ती लाळ, ही मुलगी, सगळं एकाच चिकट पदार्थाचं केलेलं आहे आणि मीही त्याचीच आहे.

पाच महिने हे असं चाललं होतं. लोक म्हणतात, तान्ह्या बाळाच्या टाळूला स्वर्गाचा वास येतो. आमच्या मंडळीतल्या बहिणी एकेक करून नाक लावायच्या आणि डोळे मिटायच्या. मला वास यायचा तो नासलेल्या दुधाचा. तिच्या मानेच्या वळ्यांत पांढरी साय धरायची, ती बोटाने काढताना माझ्या अंगावर काटा यायचा. तिची नाळ काळी पडून लोंबत होती ते आठ दिवस मी श्वास धरून तिचे कपडे बदलले. तिला न्हाऊ घालायचं म्हटलं की सकाळपासून जिभेखाली खारट पाणी सुटायचं. त्या कोमट पाण्यात तिचं निसरडं अंग माझ्या हातावर सरकायचं आणि मला नदीकाठी आजी मासे साफ करायची ते आठवायचं, ते खवले, ती गार आतडी. नवरा कोस्टारिकात इमारतीवर पहारेकरी. रोज फोनवर तिला बघायचा, काचेला ओठ लावायचा, म्हणायचा, "तुझं नशीब बघ निनोस्का, तुला हात लावायला मिळतो." काचेला वास नसतो. मी हसायचे. मी गुडघ्यांवर बसून मागायचे, देवा, माझ्यातली ही घाण काढ, मला बाकीच्या बायकांसारखं कर. एकदा ऐन उपदेशात, बंधू अबिसाय 'धुऊन काढ' हे शब्द लांबवत होते, सगळी सभा त्या सुरावर डोलत होती, आणि नेमकी तेव्हाच ती माझ्या पाठीवरून भडाभडा ओकली. मागच्या बहिणी हसल्या, "आशीर्वाद गं, आशीर्वाद!" आणि मी तशीच, ती कोमट धार कण्यावरून खाली उतरू देत, गात राहिले.

हे एका माणसाला सांगायचं ठरवलं होतं. वर्ना. कॉलेजात आम्ही तीन वर्षं एका खोलीत राहिलो. मग ती तिच्या बेटावर परत गेली आणि क्लाइव्हशी लग्न करून तिथेच स्थिरावली. फोनवर माझा आवाज ऐकून तीच म्हणाली, "तुझा आवाज भिजलेल्या लाकडासारखा येतोय. पोरीला घे आणि ये. समुद्राशी बसू." वर्नाला सांगितलं असतं तर ती ओरडली नसती. म्हणून निघाले. पण दुसऱ्या कुणालाही कळता कामा नये, चुकूनही नाही, ही आई आपल्याच पोरीला विटते हे. त्या भीतीने माझ्या चेहऱ्यावर एक हसू कायमचं शिवून टाकलं होतं.

काट्यावर माझ्यामागे तो उभा होता. पन्नाशी उलटलेला, खेड्यातला, उन्हातून थेट आत आलेला. शर्ट अंगाला चिकटून पाठीवर नकाशा उमटलेला. हातात ताज्या चीजची पिशवी, तिच्यातून पांढरट पाणी गळत होतं. त्याने मिल्काकडे पाहिलं आणि त्याचं तोंड पसरलं. "काय डोळे आहेत पोरीचे!" म्हणाला. पुढच्या दातांमध्ये सोन्याचा एक, त्याच्या शेजारी किडलेले दोन. मी तिचं तोंड खांद्याकडे फिरवलं. आणि विमानात जागा वजनावरून ठरत असल्याने मला त्याच्याच शेजारी बसवलं, वैमानिकाच्या मागे. जागा बदला म्हणायची सोय नव्हती. बदलली तर विमान वाकडं होईल म्हणे. त्याचा दंड माझ्या दंडाला लागला. ओला, गरम. त्याला गोठ्याचा वास होता, शेण, आंबलेलं ताक, आणि त्याखाली घामाचा तो जुना, तुरट वास जो शर्ट धुतला तरी जात नाही. हाताशी रुमाल असता तर नाकाला लावला असता. मिल्काचं दुपटं लावलं, तर त्याला तिचा वास. दोन्हीकडून कोंडली गेले.

विशेष म्हणजे बसल्यापासून त्याने आमच्याकडे पाठ केली. मान खिडकीकडे इतकी वळवून बसला की मानेची शीर ताठ दिसत होती. मला वाटलं, याला आमची किळस येते. याला! आणि त्या विचाराने मला राग आला, आणि रागाबरोबर, खोटं का सांगू, थोडं बरंही वाटलं, की बघा, फक्त मलाच नाही.

इंजिन सुरू झालं आणि मिल्का रडायला लागली. सकाळपासून किरकिरत होतीच. मला वाटलं कान दुखत असतील, छातीशी घेतलं. तिने तोंड फिरवलं. मग ते रडणं चढत गेलं, मध्येच श्वास अडकायचा, ओठ निळसर व्हायचे, आणि पुन्हा कानात खिळा ठोकावा तशी किंकाळी. खाली सरोवर मागे पडलं, जंगल लागलं, वीस मिनिटं गेली. मी तिला उभं धरलं, आडवं धरलं, पाठ थोपटली. मागून कुणीतरी उसासा टाकला. वैमानिकाने एकदा वळून पाहिलं. पलीकडच्या एकट्या खुर्चीवर किनाऱ्यावरची एक म्हातारी बसली होती, मिस ओलीव, ब्लूफील्ड्सची. मांडीवर नारळाच्या पावांची टोपली. ती म्हणाली, "अगं, कपडे सैल कर तिचे. उकडत असेल."

"नको, सर्दी होईल," मी म्हणाले. खरं कारण वेगळं होतं, ते पुढे येईल.

"सर्दी? या भट्टीत? तुम्ही राजधानीच्या बायका पोरांना पावासारखं भाजून काढता."

तेव्हा तो बोलला. खिडकीकडेच तोंड ठेवून. "बाई, माझ्यामुळे आहे ते."

मला आधी कळलंच नाही तो कुणाशी बोलतोय.

"काट्यापाशी मी बघितलं तिच्याकडे. उन्हातून आलो होतो, रक्त तापलेलं. आवडली म्हणून बघितलं आणि हात लावला नाही, लावला असता तर नजर तिथेच उतरली असती. तुम्ही वळवलीत तिला. माझी नजर गरम आहे, बाई, लहानपणापासून. भावाचा पोरगा असाच तापला होता माझ्या नजरेने. म्हणून मगापासून इकडे बघत बसलोय. तिच्या हातात लाल मणीसुद्धा नाहीत."

"आम्ही मणी बांधत नाही. आम्ही उपासनेला जाणारी माणसं आहोत."

"ते बरोबर आहे. पण उतारा करायलाच हवा. बघणाऱ्याच्या घामाच्या शर्टात गुंडाळायचं पोराला. मी काढून देतो. नाहीतर निदान घेऊ द्या मला क्षणभर."

त्याने बटणाला हातही घातला. आणि मला जे वाटलं ते सांगते: त्या शर्टात माझी मुलगी, या विचाराने घशाशी आंबट आलं. पण तोंडातून काय बाहेर पडलं? "देवावर विश्वास ठेवणारी माणसं असलं काही मानत नाहीत." आवाजात बंधू अबिसायांची लय होती! त्यांचे शब्द, त्यांचा तो उतरता सूर, सगळं मी माझ्या नाकासमोर धरलं, सुगंधी रुमाल धरावा तसं. देव त्या वाक्यात कुठेच नव्हता. होती ती फक्त त्या ओल्या काखेची शिसारी. लहानपणी माझ्याच आजीने मला अशा एका शर्टात गुंडाळलं होतं. शेजारचा सुतार, संध्याकाळी कामावरून आलेला. मला त्या अंधाऱ्या, दमट कापडाखाली झोप लागली होती एवढं आठवतं. ते मी विसरले होते असं नाही. मला ते आठवायचं नव्हतं.

त्याने हात खाली घेतला. "तुम्ही म्हणाल तसं." कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, तो पुसत नव्हता. पुढे म्हणाला, "माझं नाव एवेनोर. मालपायसीयो गावचा. गाई आहेत. ब्लूफील्ड्सला मुलगी दिली आहे, तिला पोरगी झाली, चार दिवसांची आहे. जावयाने तिकीट पाठवलं. पहिलंच विमान, बाई. भीतीने असा पाझरतोय, दारूने नाही. तुम्हांला वाटलं असेल."

मला वाटलं होतंच.

मिल्काचा आवाज आता फाटला होता. रडणं नव्हतं ते, घासणं होतं. ती माझ्या हातात ताठ होत होती, धनुष्यासारखी मागे वाकत होती. मिस ओलीव टोपली बाजूला ठेवून ओरडली, "ए बाई! पोर मरायला टेकलं आणि तू उपदेश करतेस? दुकानातून आणलंयस का तिला, हात लावला तर किंमत उतरेल? आणि तू रे, पुरासारखा वाहतोयस नुसता, काढ तो शर्ट! विश्वास मागाहून ठेवा कुणावर ठेवायचा तो. कापड आहे, कापड!"

सगळं विमान आमच्याकडे बघत होतं. मी मान हलवली. विश्वासाने नव्हे, दयेने नव्हे. लोक बघत होते म्हणून. एवेनोरने बसल्या बसल्या, कोपर खिडकीवर आपटत, शर्ट काढला. आत जुना बनियन, छातीवर पांढरे केस. शर्ट त्याने माझ्या मांडीवर पसरला, दोन्ही हातांनी सुरकुत्या सारख्या केल्या, पाहुण्यासाठी चादर घालावी तसा. "उघडं अंग लागलं पाहिजे कापडाला," म्हणाला, आणि लगेच मान खिडकीकडे वळवली.

मग मला तिचे कपडे काढावे लागले. झबलं, विजार. दोन दिवसांत पहिल्यांदा, सगळे. मी तिला दोन दिवस न्हाऊ घातलं नव्हतं. ओल्या फडक्याने तोंड आणि बूड पुसत होते, बाकी सगळं तसंच झाकून ठेवत होते, म्हणून तर सैल करायला तयार नव्हते. अंगाचा आंबूस वास वर आला. डावा मोजा निघाला. उजवा बोटांपाशी अडकला, ओढला तशी ती अशी ओरडली की वैमानिकानेही "देवा!" म्हटलं. मधलं बोट. जांभळं, टरारून फुगलेलं, द्राक्षासारखं, आणि त्याच्या बुडाशी एक रेघ, इतकी बारीक की आधी मला ती सुरकुती वाटली.

"काहीतरी रुतलंय," मिस ओलीव पुढे वाकून म्हणाली, "मला दिसत नाही, डोळे गेले माझे. काप ते!" कापायला काय होतं? कात्री, पिन, सगळं विमानतळावर काढून घेतलेलं. माझी नखं तिथे शिरेनात. एवेनोरने न बघता विचारलं, "धरू का पाय?" आणि मी हो म्हणाले. त्याचा तो भेगाळलेला पंजा तिच्या घोट्याभोवती आला, आणि पाय हलायचा थांबला. कासेला हात लावतात तसा धरला होता त्याने, घट्ट पण दुखणार नाही असा. मी खाली वाकले. दुसरा उपायच नव्हता. ते बोट मी तोंडात घेतलं.

माझं सगळं तोंड त्या शर्टात होतं. नाक, डोळे, कपाळ, सगळं त्या ओल्या कापडात दाबलं गेलेलं. घाम, शेण, दूध, भीती, आणि मध्ये माझ्या मुलीच्या दोन दिवसांच्या मोज्याचा कुबट वास. ओकारी आली, मी ती गिळली. जिभेच्या टोकाने ती रेघ शोधली. सापडली, हरवली, पुन्हा सापडली. एक टोक जिभेला टोचलं. दातांत धरलं, ओढलं, वळ सैल झाला. दुसरा वळ त्याच्याखाली होता. किती वेळ गेला माहीत नाही. त्या अंधारात मला ना किनारा होता, ना विमान, ना लोक. फक्त तो एवढासा गरम, खारट गोळा जिभेवर धडधडत होता, आणि मला एकदम जाणवलं, ही धडधड तिची आहे. माझी नाही. तिची स्वतःची. आणि ओकारी थांबली. मग दात एकमेकांवर आले आणि तट्कन तुटलं.

वर आले तेव्हा तिने एक लांब हुंदका दिला आणि गप्प झाली. इंजिनाचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला. बोट हळूहळू जांभळ्याचं लाल होत होतं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच, आमच्याकडे विमान उतरल्यावर वाजवतात तशा. मी तोंडातून ते काढून तळहातावर घेतलं. केस होता. लांब, काळा, टोकाला तांबूस. माझा. तिच्या जन्मानंतर चौथ्या महिन्यापासून माझे केस मुठीमुठीने गळत होते; सगळ्यांचेच गळतात, डॉक्टरीण म्हणाली होती. मोज्यात पडला असेल, बोटाभोवती गुंडाळत गेला असेल. रोज मोजा काढला असता, रोज पाण्यात घातलं असतं, तर पहिल्याच दिवशी दिसला असता. मी मूठ मिटली.

"काय होतं गं?" मिस ओलीवने विचारलं.

"धागा," मी म्हणाले. "मोज्याचा."

तिने माझ्या डोक्याकडे पाहिलं. थोडा वेळ पाहिलं. मग पावांच्या टोपलीवरचं फडकं नीट केलं.

एवेनोरने अजूनही मान वळवली नव्हती. मी म्हणाले, "बघा आता, गप्प झाली. तुमच्यामुळे नव्हतंच काही. धागा होता." त्याने मान हलवली, समजूतदारपणे, लहान मुलाने काही सांगितल्यावर हलवतात तशी. "धागा आपला आपण गाठ मारतो का, बाई? नजर बांधते ती. शर्टाने सोडवली. दिवस मावळेपर्यंत काढू नका तिच्या अंगावरून." विमान ढगातून उतरत होतं, खाली तपकिरी खाडी, लाल पत्रे. तो स्वतःशीच बोलावं तसं बोलू लागला. "बरं झालं इथे कळलं. मला वाटलं होतं वयाबरोबर नजर थंड झाली असेल. म्हणून तर निघालो. आता नातीकडे नाही बघायचं. चार दिवसांची आहे, तिला काय झेपणार? चीज आत पाठवून देईन, बाहेर ओसरीवर बसेन, आवाज ऐकेन. मोठी झाली की मग. पोरगी माझी समजून घेईल."

एक वाक्य पुरेसं होतं. मूठ उघडायची आणि म्हणायचं, हा केस माझा आहे, मी दोन दिवस हिचे मोजे काढले नाहीत, मला हिला हात लावायची किळस येत होती. तुमची नजर स्वच्छ आहे, जा, नातीला उचलून घ्या. बारा माणसांसमोर. मिस ओलीवसमोर. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, त्या बोटाइतकंच गरम. विमान ब्लूफील्ड्सला टेकलं, दार उघडलं, खाडीची दमट हवा आत आली. तो बनियनवर उभा राहिला, पिशवी घेतली, आणि जाताना माझी माफी मागितली. माझी. "चूकभूल पोटात घाला, बाई," म्हणाला, आणि मिल्काच्या बाजूने जाताना डोळे मिटून घेतले. मी म्हणाले, "असू दे." म्हणजे मी क्षमा केली. त्याला.

पुढे बेटावर जाणारे आम्ही चारजणच उरलो. वीस मिनिटांनी उतरले. वर्ना धावत आली, मिठी मारली आणि लगेच मागे सरली, "शी! हे काय गुंडाळलंयस पोरीला? बैल मेलाय का कुठे?" क्लाइव्ह हसायला लागला. आणि मी त्यांना गोष्ट सांगितली. मोठ्या ढंगात सांगितली. तो माणूस कसा पाझरत होता, दात कसे होते, चीज कसं गळत होतं, कशी त्याची ती गरम नजर. क्लाइव्हच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून. जे सांगायला पाच महिने वाट पाहिली, इतक्या लांब आले, ते वर्नाला मी त्या दिवशी सांगितलं नाही, दुसऱ्याही दिवशी नाही. दवाखान्यातल्या नर्सने बोट पाहिलं, म्हणाली छान आहे, वेळेवर सुटलं. मिल्काला मी तिथे रोज न्हाऊ घातलं. तिची किळस गेली होती, खरंच गेली होती, जशी आली तशीच. ती जिथे जाऊन बसली ती जागा मला ठाऊक आहे. रोज आरशात दिसते.

आज मिल्का अडीच वर्षांची आहे. म्हणजे ब्लूफील्ड्समधली ती पोरगीही दोन वर्षांची झाली असेल, धावत असेल. तिला तिच्या आजोबांनी उचलून घेतलं की नाही, मला माहीत नाही. मी मालपायसीयोला निरोप पाठवले. आडनाव विचारलं नव्हतं, आणि तिकडे गाई असलेले एवेनोर पुष्कळ. आमच्या सभेत प्रार्थनेसाठी नावं मागतात तेव्हा मी 'एक प्रवासी' एवढंच म्हणायचे. आज पहिल्यांदा सगळं सांगितलं, तुम्हांला. तेव्हा उठण्याआधी एवढं करा. रात्री हात जोडाल तेव्हा माझं नाव नका घेऊ. एवेनोरचं घ्या, मालपायसीयोच्या. आणि कधी त्या बाजूला गेलात, एखाद्या घराच्या ओसरीवर आतल्या पोरांकडे पाठ करून बसलेला माणूस दिसला, तर त्याला हाक मारा आणि सांगा, तो केस त्या बाईचा होता.